गोव्याच्या पावसात हातहत्यारे टिकत नाहीत, हे मला मान्य नाही

फणसपाट
गेल्या आठवड्यात ‘सासष्टीकाठ’ यांनी येथे घरगुती सुतारकामावर एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा: गोव्याच्या हवेत रंधा, पटाशी आणि करवत गंजणारच, त्यामुळे त्यांवरचा खर्च पाण्यात जातो, धार लावणे हे मेस्ताचे, म्हणजे धंदेवाईक सुताराचे, काम आहे, हौशी माणसाला ते साधत नाही, म्हणून नवशिक्याने पहिले पैसे टेबल सॉ (पाटातून वर आलेल्या गोल पात्याची विजेवरची करवत), राउटर (खाचा आणि कडा कोरणारे यंत्र) आणि ड्रिल यांवर घालावेत. त्या टिपणाखाली एका तरुणाने वडिलांचे रंधे भंगारात देणार असल्याचे लिहिले. ते वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैमध्ये हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते, हे कोणी नाकारत नाही. पोलादाला साधारण ६० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत गंज धरू लागतो, आणि पृष्ठभागावर मीठ असेल, मग ते खाऱ्या वाऱ्याचे असो वा तळहाताच्या घामाचे, तर त्याहूनही आधी. परंतु ही हवा यंत्राला वगळून वाहत नाही. टेबल सॉच्या बिडाच्या पाटावर तोच गंज चढतो, बेअरिंगमध्ये तेच पाणी शिरते आणि मोटरच्या वेटोळ्यांत तीच ओल मुरते. फरक इतकाच की पटाशीचा गंज डोळ्यांना दिसतो आणि दगडावर घासून उतरतो, तर मोटरच्या आतला गंज ती जळाल्यावर कळतो.

धारेबद्दल. पटाशीला २५ अंशांचा मुख्य उतार आणि टोकाशी ३० अंशांची बारीक पट्टी पुरते. १,००० क्रमांकाच्या धारेच्या दगडावर (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक) घासत राहिले की पात्याच्या पाठीच्या बाजूला, धारेच्या कडेने, बोटाला एक अतिशय बारीक खरखरीत कोर लागते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड लागली की समजावे, दगड धारेपर्यंत पोहोचला. मध्येच तुटली तर तेवढ्या भागात धार अजून झालेली नाही. त्यानंतर ६,००० चा दगड, पाठ सपाट टेकवून कोर उतरवणे आणि शेवटी चामड्यावर काही फेरे. यात जन्मजात कौशल्याचा भाग नाही. बोटाला काय लागते याकडे लक्ष देण्याचा आहे. ज्याला हे येत नाही त्याला दुकानातली चांगली पटाशी आणि वाईट पटाशी यांतला भेदही कळणार नाही, म्हणून मी धार लावणे हे हत्यार निवडण्याच्या आधीचे शिक्षण मानतो.

निवडीचे म्हणाल तर ६, १२ आणि २५ मिलिमीटरच्या तीन पटाश्या, एक मोगरी (लाकडी हातोडा), बारीक दातांची एक करवत, काटकोन पाहण्याचा एक गुण्या आणि पाच नंबरचा लोखंडी रंधा इतक्यावर पाट, चौरंग, फळ्या आणि देवघर होते. गुण्या दुकानातच तपासावा: सरळ कडेच्या फळीवर टेकवून बारीक रेघ ओढावी, तो उलटा फिरवून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी, दोन रेघा फाकल्या तर तो परत ठेवावा. रंध्याच्या तळाला पोलादी पट्टी उभी लावून उजेडाकडे धरावे. तोंडाच्या अगदी पुढे उजेड दिसता कामा नये. जुना रंधा मिळाला तर अधिकच उत्तम, कारण स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये बेली यांच्या रंध्याचे हक्क घेतले तेव्हापासून त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही. त्या तरुणाला माझी कळकळीची विनंती आहे की त्याने ते रंधे देऊ नयेत.

सासष्टीकाठ
फणसपाट बाब, आपण माझे म्हणणे अर्धेच मांडलेत. मी ‘नवशिक्याने’ असे लिहिले होते, आणि नवशिक्या आज देवघर करत नाही, तो प्लायचे कपाट करतो. आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटर जाडीची एक शीट ३० किलोच्या वर भरते. ती हातकरवतीने सरळ कापून दाखवावी आणि मग आम्हाला उपदेश करावा. प्लायच्या थरांमधला गोंद साध्या पोलादाची धार पाहता पाहता मारतो. तेथे कार्बाइडचे दातच चालतात, आणि ते कोणत्याही दगडावर घासावे लागत नाहीत.

दुसरे म्हणजे वेळ. मी वास्कोत नोकरी करतो आणि मला फक्त रविवार मिळतो. त्या रविवारची सकाळ धार लावण्यात गेली तर मुलीचे अभ्यासाचे टेबल कधी व्हायचे? माझ्या वडिलांनी जपून ठेवलेली पटाश्यांची पेटी आम्ही एका पावसाळ्यानंतर उघडली तेव्हा सगळी पाती तांबडी आणि खड्डे पडलेली होती. गंज उतरतो म्हणता, पण खड्डे उतरत नाहीत.

निवृत्त फिटर, वाडे
हातहत्यार की यंत्र हा वाद करण्यापूर्वी एक गोष्ट दोघांनीही ऐकावी. गोव्यात घरोघरी ‘यंत्र’ म्हणून जे वापरले जाते ते टेबल सॉ नसतेच. ते फरशी कापण्याचे चार इंची मार्बल कटर असते, त्याला लाकडाचे दातेरी पाते लावलेले असते, आणि पुष्कळदा ते फळीखाली उलटे बसवून त्याचाच टेबल सॉ केलेला असतो. हे यंत्र मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते. त्याला पात्याच्या मागे उभी राहणारी पाचर नाही, त्यामुळे लाकूड पात्यावर आवळले की उसळून अंगावर येते. माझ्या मावसभावाच्या अंगठ्याचे पेर अशाच उलट्या बसवलेल्या कटरने नेले. सासष्टीकाठ यांनी यंत्रांची शिफारस करताना याबद्दल एक अक्षर लिहिले नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

पावसाळ्यात ओल्या व्हरांड्यात वायर ओढून काम करणाऱ्यांनी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि खरे अर्थिंग असल्याशिवाय बटण दाबू नये. सागवानाच्या भुशाने कातडीवर पुरळ उठते, आणि लाकडाचा भुसा हा कर्करोगाचे निश्चित कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच म्हटले आहे. रंध्याची ढलपी जमिनीवर पडते. राउटरची धूळ फुप्फुसात जाते.

बोरीची वाचक
वडिलांच्या पेटीची गोष्ट वाचून वाईट वाटले, पण त्या पेटीला खोबरेल तेलाचा हात लागला असता तर ही वेळ आली नसती. आमच्या घरी आजोबांचा वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार) आणि दोन पटाश्या आजही स्वच्छ आहेत. आजी ज्या फडक्याने आदोळीचे (विळीचे) पाते पुसायची, त्याच तेलाच्या फडक्याने ती हत्यारेही पुसायची. महागडे डबे घेण्याची गरज नाही.

निवृत्त फिटर, वाडे
बाय, आपल्या आजीविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की खोबरेल हे हत्याराचे तेल नाही. ओलीत ते खवट होते, त्यातून आम्ले सुटतात, आणि पितळेवर त्याचा हिरवा थर कसा चढतो हे समई घासणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. सुमारे २४ अंशांखाली ते थिजते. डिसेंबरच्या पहाटे रंध्याच्या सांध्यात त्याचा आणि भुशाचा लगदा होतो. शिवाय तेलाचा डाग लाकडात उतरला की त्यावर पॉलिश धरत नाही. शिवणयंत्राचे तेल पातळ लावावे, वरून मेणाचा हात द्यावा, आणि विषय संपवावा.

बोरीची वाचक
विषय असा संपत नाही. शिवणयंत्राचे तेल इतके पातळ असते की उभ्या टांगलेल्या पात्यावरून आठवडाभरात ओघळून जाते, आणि वरचा भाग कोरडा पडतो. खोबरेल जवसाच्या तेलासारखे सुकून चिकट पापुद्रा धरत नाही, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे गाळलीत. खवट होते ते महिनोन्‌महिने न पुसता ठेवलेले तेल. आमच्याकडे ते दर दोन-चार दिवसांनी पुसून नवे लावले जायचे. पितळेचे उदाहरण पोलादाला जसेच्या तसे कसे लागू होते, हेही सांगावे. आपण यंत्रशाळेत आयुष्य काढलेत म्हणून घरात चालत आलेली प्रत्येक रीत अडाणी ठरत नाही.

निवृत्त फिटर, वाडे
अडाणी हा शब्द मी वापरलेला नाही आणि तो माझ्या तोंडी घालू नये. दर दोन-चार दिवसांनी पुसले तर कोणतेही तेल चालेल, हे मला मान्य करावे लागते. परंतु दर दोन-चार दिवसांनी पुसणारा माणूस येथे कोण आहे? सासष्टीकाठ यांना रविवारच मिळतो. त्यांच्यासारख्यांना तेल असे हवे की जे विसरले तरी घात करणार नाही.

मेस्ताघरचा
येथे तेलावर इतके लिहिले गेले, पण ज्याच्या पोटाचा हा धंदा आहे त्या मेस्ताला कोणीही एक प्रश्न विचारला नाही. माझे वडील आणि काका मेस्त होते. मी दुसऱ्या नोकरीत गेलो, कारण गावात दारे-खिडक्या तयार येऊ लागल्या, आणि ज्यांनी आमच्याकडून काम करवून घेतले त्यांनीच मजुरीवरून घासाघीस केली. आता त्याच घरांतली मुले हौस म्हणून रंधा विकत घेतात आणि आम्हाला सांगतात की हे काम मनाला शांती देते. आमच्या घरात ते पोट भरण्यासाठी होते, एवढे कोणीतरी लक्षात ठेवावे.

तरीही जे माहीत आहे ते लिहितो. रोज हातात असलेले हत्यार गंजत नाही. गंजते ते पेटीत बंद केलेले. आमच्याकडे पावसात पटाश्या बंद पेटीत नसत, चुलीच्या वरच्या फळीवर असत. तेथील हवा गरम, त्यामुळे तीच ओल असूनही तिची सापेक्ष आर्द्रता कमी राहते. आज चूल नाही, तर लाकडी कपाटात एक लहान तापणारा दिवा पत्र्याच्या आड बसवून चालू ठेवावा. एलईडी चालणार नाही, कारण त्याची ऊब पुरत नाही. ज्या लाकडात टॅनिन जास्त, विशेषतः मट्टीत (ऐनात), त्याचा ओला भुसा पात्यावर राहिला तर एका रात्रीत काळा डाग पडतो, म्हणून काम संपताच आधी ब्रश आणि मगच तेल. सागवानात सिलिका असते. ते धार खाते, तेव्हा सागवान रंधताना दगड शेजारीच असावा.

आणखी एक. ऑगस्टमध्ये दार फुगले म्हणून लगेच रंधा मारू नका. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लाकडात सुमारे १२ टक्के पाणी असते, ८५ टक्क्यांना ते १७-१८ वर जाते. पावसात तासलेले दार मार्चमध्ये बोटभर फट दाखवते, आणि दोष मात्र मेस्ताला येतो.

सासष्टीकाठ
मेस्ताघरचा बाब, आपली तक्रार खरी आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. दिव्याचे कपाट मी या आठवड्यात करतो.

फिटर बाबांना इतकेच सांगतो की मार्बल कटर उलटे बसवा असे मी कोठेही लिहिलेले नाही, परंतु वाचणारा तसे करील हा धोका मला मान्य आहे. टिपणात आरसीसीबीचा आणि पाचरीचा मजकूर घालतो. फणसपाट यांचा आग्रह म्हणून दोन पटाश्या आणि एक दगड घेणे योग्य, एवढेही लिहीन. प्लाय हातकरवतीने कापण्याचे मात्र मी लिहिणार नाही, आणि त्यांनी अजून त्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही.

फणसपाट
उत्तर देतो. शीट घरी कापूच नये. प्लायची काही दुकाने पॅनेल सॉवर, म्हणजे अख्खी शीट कापणाऱ्या मोठ्या यंत्रावर, मापाप्रमाणे तुकडे करून देतात. घरी मापांचा कागद नीट करावा, पात्याची जाडी धरून, आणि तुकडे गाडीत घालून आणावेत. ज्या यंत्राला सर्वांत जास्त जागा, पैसा आणि सावधगिरी लागते ते यंत्र वर्षातून दोन कपाटांसाठी घरात कशाला हवे? कडा साफ करणे, कप्पे बसवणे, बिजागरीची खाच पाडणे हे उरलेले काम पटाशी आणि रंधा करतात. ड्रिल घ्यावे, त्याला माझा कधीच विरोध नव्हता. राउटरबद्दल मी आपल्याशी अजूनही असहमत आहे.

बोरीची वाचक
फिटर बाब, एक सुचवते. एकच जुने करवतीचे पाते घ्या, घासून पांढरे करा, मधोमध तुकडा करा. एकाला आपले तेल आणि मेण, दुसऱ्याला माझे खोबरेल, आणि चतुर्थीपर्यंत दोन्ही आपल्याच व्हरांड्यात टांगा.

निवृत्त फिटर, वाडे
टांगतो. अट एकच: मध्ये कोणालाही पुसायला मिळणार नाही.

बोरीची वाचक
मग ती परीक्षा तेलाची झाली, रितीची नाही. दोन तुकड्यांऐवजी चार करा. दोन न पुसता ठेवा, दोन मी दर रविवारी वाड्याला येऊन स्वतः पुसते.