खोक्यावरचा नंबर आधी वाचा

केसांचा रंग निवडताना मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर सोनेरी छटा घ्या, निळसर दिसल्या तर ॲश, म्हणजे राखाडीकडे झुकणारी, हा नेहमीचा सल्ला गोऱ्यापान कातडीला ठीक असेल. आपल्या गव्हाळ-सावळ्या हातावर बहुतेकांच्या शिरा हिरवटच दिसतात, मग सगळ्यांना एकच उत्तर! त्यापेक्षा दिवसाउजेडी खिडकीपाशी एकदा मोहरी रंगाची आणि एकदा राणी रंगाची ओढणी गळ्याशी धरून बघा. चेहरा कशाने उजळतो ते लगेच कळतं: मोहरीने उजळला तर सोनेरी, राणीने उजळला तर ॲश.

पण खोक्यावरच्या शेडच्या नंबराबद्दल कोणी बोलतच नाही. बऱ्याच ब्रँडमध्ये टिंबाआधीचा आकडा गडदपणाचा असतो (१ काळा, १० अगदी फिका) आणि नंतरचा छटेचा: .१ ॲश, .३ सोनेरी, .४ तांबूस. आपले केस मुळात १ ते ३ मधले. ते फिके करायला गेलं की आतला तांबडा-नारिंगी रंग वर येतो, म्हणून ६.३ लावून खोक्यावरच्या बाईसारखं मधाळ काही होत नाही, उन्हात लालसर ब्राऊन दिसतं एवढंच. तो लालसरपणा नको असेल तर .१ घ्या; मात्र फिकुटलेल्या चेहऱ्यावर ॲश आणखी मरगळलेला दिसतो, असं माझं मत. आणि मेंदीवाल्यांनो, पाकिटातल्या काही मेंद्यांत धातूचे क्षार असतात, त्यावर ब्लीच गेलं तर केस तापून तुटू शकतात. मानेमागची एक बट आधी रंगवून बघाच.