प्रयोगशाळेतल्या बाटलीवरून समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल किती बोलावं?

खारावारा
'समुद्रात विघटन होतं' असा दावा छापलेल्या पिशव्या-चमचे हल्ली दिसतात. या दाव्यामागची चाचणी बहुतेकदा ३० अंश तापमानाला, बंद बाटलीत होते. जिवाणू आणि त्यांचं खाद्य, दोन्हींची सोय आधीच केलेली. खोल समुद्रात असतं २ ते ४ अंश, अंधार आणि प्रचंड दाब.

१९६८ मध्ये अमेरिकेची 'अल्विन' ही संशोधन पाणबुडी सुमारे १५०० मीटर खोल बुडाली. दहा-अकरा महिन्यांनी वर काढली तेव्हा आतल्या डब्यांतली सँडविचेस जवळजवळ जशीच्या तशी होती. नंतर तेच अन्न फ्रीजमध्ये काही आठवड्यांत नासलं. पावाची ही गत, तर प्लास्टिकचं काय घेऊन बसलात!

तिसरा_मजला_लॅब
गोष्ट झकास, निष्कर्ष अर्धवट. बंद बाटलीत निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. प्लास्टिक खरंच पचलं की नुसता भुगा झाला, हे त्यावरूनच कळतं. खुल्या समुद्रात हे कसं मोजणार? प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. जिवाणूंनी खाल्ली की तुकडे होऊन वाहून गेली, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

आणि ३० अंशांना नावं ठेवू नका. मुंबई-गोव्याकडे वरच्या पाण्याचं तापमान वर्षातला बराच काळ त्याच्या आसपासच असतं.

खारावारा
त्याच प्रयोगात 'बायोडिग्रेडेबल' पिशवी तीन वर्षं समुद्रात राहूनही बाजारहाट पेलण्याइतकी धड होती, हे सोयीस्कर गाळलंत :) आणि वरचं पाणी उबदार असलं तरी प्लास्टिक वरच राहतं थोडंच? शेवाळ-शिंपले चिकटले की जड होऊन खाली जातं. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं खरं, पण मुंबईच्या गढूळ पाण्यात चार हात खाली ऊन तरी किती पोचणार? प्रयोगशाळेत उन्हाऐवजी दिवा लावून केलेल्या प्रयोगात हे काहीच नसतं.

वाळूतली_चप्पल
आम्ही पावसाळ्यात किनारा साफ करतो. समुद्र जे परत आणून टाकतो त्यात गुटख्याची पाकिटं, थर्माकोल, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. यातलं कुठलं तुमच्या बाटलीत जातं?

तिसरा_मजला_लॅब
प्रश्न रास्त आहे. चाचणीत बहुधा शुद्ध मालाची भुकटी किंवा पातळ फिल्म असते. रंग, छपाई, अनेक थर नसतात. २०१६ मध्ये गाजलेल्या जपानी जिवाणूने सहा आठवड्यांत खाल्ली तीही पेटची (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकची) मऊ फिल्म, कडक बाटली नव्हे. शिवाय तो सापडला पुनर्वापर केंद्राच्या आवारात.

तरी एक सांगतो. २०२४ मध्ये जपानी संशोधकांनी थेट समुद्रतळावर, ५५०० मीटरपर्यंत, नमुने ठेवल्याचे निकाल आले. पीएचए (जिवाणूंकडून बनवून घेतलेलं प्लास्टिक) खाल्लं गेलं, पीएलए (मका-उसाच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक) तसंच राहिलं. प्रयोगशाळा हे आधीपासून सांगत होती. खोलीवर वेग मंदावला, पण कुठलं आधी विघटतं, कुठलं नाही, तो क्रम तोच.

खारावारा
क्रम मान्य. पण पिशवीवर क्रम छापत नाहीत, 'विघटन होतं' एवढंच छापतात. किती अंशाला, किती जाडीचा तुकडा, तेही छापा.

वाळूतली_चप्पल
एवढं छापायला पिशवीवर जागा राहील का? आणि वाचणार कोण, मासा?