झेड-ओएसवर सॉकेटमधून येणारा संदेश अर्धवट का मिळतो?

बॅच_रात्रपाळी

नमस्कार. आमचा झेड-ओएसवरचा (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) एक कोबोल प्रोग्राम ईझेडए-सॉकेट या नेटवर्क इंटरफेसच्या 'रिसीव्ह' कॉलने लिनक्सवरच्या ॲप्लिकेशनकडून व्यवहारांचे संदेश घेतो. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला चार बाइटांत लांबी असते आणि त्यापुढे साधारण ३२०० बाइटांचा मजकूर. चाचणीच्या वेळी लिनक्स त्याच मशीनवरच्या दुसऱ्या एलपारमध्ये (मशीनचा स्वतंत्र विभाग) होते, जोडणी हायपरसॉकेट्सवरून (मशीनच्या आतलेच नेटवर्क) होती आणि सगळे सुरळीत चालत होते. आता ते सर्व्हर दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये गेल्यापासून, एनबाइटमध्ये (मागितलेले बाइट) ४००० देऊनही रिटकोडमध्ये (प्रत्यक्ष मिळालेले बाइट) कधी १४४८ तर कधी २८९६ येतात. उरलेला भाग पुढच्या रिसीव्हमध्ये येतो आणि प्रोग्राम त्याचेच पहिले चार बाइट लांबी म्हणून वाचतो. नेटवर्क विभागाच्या म्हणण्यानुसार त्यांच्या बाजूने काहीही गळत नाही. शिवाय ज्या संदेशांत ग्राहकांची नावे देवनागरीत आहेत, त्यांतली अक्षरे बिघडतात. हे दोन्ही दोष एकाच कारणाने होत असावेत का?

असेंब्लर_सदस्य

दोन्ही वेगळे आहेत. मी पहिल्याबद्दल लिहितो. नेटवर्क विभागाचे म्हणणे बरोबर आहे. टीसीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल बाइट क्रमाने आणि न गळता पोहोचवण्याची हमी देतो, पण पाठवणाऱ्याने एका सेंडमध्ये जेवढे दिले तेवढेच एका रिसीव्हमध्ये मिळेल अशी हमी त्याने कधीच दिलेली नाही. संदेशाची हद्द टीसीपीला ठाऊकच नसते. ती सांभाळणे सर्वस्वी आपल्या प्रोग्रामचे काम आहे.

तुमचे आकडेच सगळे सांगून जातात. इथरनेटच्या १५०० बाइटांतून आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि टाइमस्टॅम्पचे १२ बाइट वजा केले की १४४८ उरतात; २८९६ म्हणजे असे दोन सेगमेंट (टीसीपीने पाठवलेले तुकडे). हायपरसॉकेट्सवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ८ केबीपासून ५६ केबीपर्यंत असू शकतो, त्यामुळे तिथे तुमचा संपूर्ण संदेश एकाच सेगमेंटमध्ये मावत होता. म्हणजे दोष चाचणीच्या वेळीही प्रोग्राममध्ये होताच, फक्त तो दिसायला जागा नव्हती.

आधी लांबीचे चार बाइट पूर्ण मिळेपर्यंत रिसीव्ह करा, कारण तेही तुटून येऊ शकतात. मग ती लांबी शून्यापेक्षा मोठी आणि तुमच्या कमाल मर्यादेच्या आत आहे हे तपासा. ही तपासणी गाळली, तर चुकीची लांबी रेकॉर्डबाहेरच्या मेमरीवर लिहू शकते आणि मग एस०सी४ (मेमरीच्या चुकीच्या वापराने प्रोग्राम पडणे) आलाच म्हणून समजा. त्यानंतर प्रत्येक फेरीत एनबाइटमध्ये फक्त उरलेले बाइट मागा, रिटकोडइतके बाइट कामाच्या बफरमधून रेकॉर्डमध्ये योग्य जागी मूव्ह करा आणि मिळालेल्यांची बेरीज वाढवत जा. सरसकट ४००० मागितले, तर पुढच्या संदेशाची सुरुवातही याच बफरमध्ये येऊन पडेल.

रिटकोड उणे एक असेल तरच एररनोला (चुकीचा क्रमांक) अर्थ असतो. रिटकोड शून्य म्हणजे समोरच्याने जोडणी बंद केली. ते संदेशाच्या मध्यावर घडले, तर तो व्यवहार अपूर्ण मानून सोडून द्यावा.

जुना_सीआयसीएस

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. 'वेटऑल' हा (मागितलेले सगळे बाइट येईपर्यंत थांबवणारा) फ्लॅग लावला की हा लूप लिहावा लागणार नाही, असे कोणी सुचवले तर त्यावर विसंबू नका: जोडणी तुटली, चूक झाली किंवा सिग्नल आला तर वेटऑल असूनही कमी बाइट परत येतात, आणि मग मोजणी करावी लागतेच.

आता अक्षरांबद्दल. तुम्ही बहुधा आलेल्या बफरवर सरसकट ईझेडएसीआयसी०५ चालवत असाल. ते रूटीन आस्कीचे एबसिडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षर-सांकेतिकी) रूपांतर एका बाइटामागे एक बाइट असे तक्त्यावरून करते. युटीएफ-८ मध्ये मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते; 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा मिळून बारा बाइट होतात आणि तो तक्ता त्या बाराही बाइटांना सुटेसुटे बदलून टाकतो. असा मजकूर कोबोलच्या नॅशनल-ऑफ फंक्शनला १२०८ हा सीसीएसआयडी (युटीएफ-८ चा सांकेतिकी क्रमांक) देऊन युटीएफ-१६ मध्ये न्यावा; तिथे तोच शब्द आठ बाइटांत बसतो. हे रूपांतर संपूर्ण संदेश जुळल्यानंतरच करावे, कारण १४४८वा बाइट एखाद्या चिन्हाच्या मधोमधही पडू शकतो.

लांबीचे चार बाइट बायनरी असतील तर त्यांना रूपांतराचा स्पर्शही होऊ देऊ नका. ५०० ही लांबी हेक्समध्ये ०००००१एफ४ अशीच यायला हवी. ती एफ४०१०००० अशी दिसली, तर लिनक्सच्या बाजूने नेटवर्क बाइट-क्रमात न बदलताच पाठवली आहे, आणि चिन्हासहित फील्डमध्ये तुम्हाला भलामोठा ऋण आकडा दिसेल.

बॅच_रात्रपाळी

दोघांचेही मनापासून आभार. सरसकट ईझेडएसीआयसी०५ हाच प्रकार आमच्याकडे आहे, आणि लांबीचे बाइट त्यातून बचावले ते केवळ ती आधी वेगळ्या फील्डमध्ये घेतली जाते म्हणून. एक शंका राहते: लूप लावल्यावर समोरच्याने अर्धा संदेश पाठवून जोडणी तशीच उघडी ठेवली, तर जॉब तिथेच अडकून राहील ना?

असेंब्लर_सदस्य

हो, आणि इन्स्टॉलेशनची प्रतीक्षेची मर्यादा संपली की तो एस५२२ या कोडने पडेल. म्हणून प्रत्येक रिसीव्हच्या आधी सिलेक्ट कॉल (सॉकेटवर डेटा आला का ते पाहणारा) टाइमआउटसह वापरा; त्याचा बिट-मास्क तयार करायला ईझेडएसीआयसी०६ आहे. सिलेक्टचा रिटकोड शून्य आला म्हणजे वेळ संपली. तेव्हा सॉकेट बंद करून, किती बाइट मिळाले होते ते लॉगमध्ये नोंदवा. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (डेटासाठी न थांबणारे) केलेत, तर डेटा नसताना ईझेडए-सॉकेट एररनोमध्ये ३५ देते. हीच स्थिती युनिक्स सिस्टिम सर्व्हिसेसच्या बीपीएक्स१आरसीव्ही या रिसीव्ह कॉलमधून ११०२ म्हणून कळते, तेव्हा दुसऱ्या प्रोग्राममधली तपासणी जशीच्या तशी उचलू नका. नेटवर्क विभागाला पुरावा दाखवायचा झाल्यास एसवायएसटीसीपीडीए हा पॅकेट ट्रेस घ्या. त्यात प्रत्येक सेगमेंटची लांबी आणि वेळ दोन्ही दिसतात.