‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ला मराठीत काय म्हणावं?

मांजराकाठ (लातूर)
एम.एड.चा लघुशोधप्रबंध मराठीतून लिहायलोय. विषय आहे ज्ञानरचनावाद, शिक्षकांचे गट आणि मोबाइल. ‘ज्ञानरचनावाद’ (शिकणारा आपलं ज्ञान स्वतः रचतो हा विचार) या शब्दाची अडचण नाही, तो जिल्हा परिषदेच्या शाळांत कधीचाच रुळलाय. अडलंय ते ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’पाशी, म्हणजे एकच काम करता करता एकमेकांकडून शिकणाऱ्या माणसांपाशी. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, ‘सराव समुदाय’ लिहा. मला त्यात मार्चमधल्या सराव प्रश्नपत्रिका दिसतात. दुसरा शब्द आहे का कुणाकडं? आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळा मिळून केलेल्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपला तो लावता येईल का?

गोदाकाठ (नांदेड)
सर, ‘सराव’ नकोच. सराव म्हणजे तेच ते घोटणं, आणि ते एकट्यालाही करता येतं. इथली प्रॅक्टिस वकिलाच्या प्रॅक्टिससारखी आहे: एखादं काम चार लोकांत राहून, खाचाखोचांसकट करत असणं. ‘व्यवसाय’ही बसत नाही, कारण भजनी मंडळ या कल्पनेत सहज बसतं आणि त्याला कुणी व्यवसाय म्हणणार नाही. ‘कृतिगट’ म्हणावं तर लोकांना कृती समिती आठवते आणि पाठोपाठ रास्ता रोको.

शब्द शोधण्याआधी कल्पना कुठून आली ते बघा. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली ती मांडली. त्यांची उदाहरणं शाळेतली नव्हती. मेक्सिकोतल्या युकातानमधल्या सुइणी, लायबेरियातले शिंपी, अमेरिकी नौदलात जहाजाची दिशा राखणारे, सुपरमार्केटमधले मांस कापणारे आणि दारू सोडलेल्यांचे गट, अशी पाच. शिंप्यांचं मला फार आवडतं. नवा पोरगा आधी कापड कापत नाही. तो काजं-बटणं करतो, कडा दुमडतो, इस्त्री करतो. मग शिवायला बसतो आणि कात्री हातात येते सगळ्यात शेवटी. म्हणजे कपडा तयार होण्याचा जो क्रम, त्याच्या नेमका उलटा शिकण्याचा क्रम. बटणाला चूक झाली तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलंच. शिवाय शेवटाकडून सुरुवात केल्यानं अख्खा कपडा पहिल्या दिवसापासून नजरेसमोर असतो. हा अभ्यासक्रम कुणी कागदावर काढलेला नव्हता.

बालाघाट (बीड)
आमच्याकडं शब्द तयार आहे की. फड! तमाशाचा फड, वारकऱ्यांचा फड, ऊसतोडीचा फड. फड म्हणजे नुसती माणसं नव्हेत. काम, कामाची जागा आणि करणारे मिळून फड; ऊस उभा असलेलं रानही फडच. वारकरी फडात नव्या पोराचा कुणी तास घेत नाही. टाळ घेऊन मागं उभा राहतो, धृपद धरतो, चाल अंगात मुरते. तोडीला ‘एक कोयता’ म्हणजे जोडी, बहुतेक नवरा तोडणारा अन् बायको वाढ्यानं मोळी बांधणारी. मोळी केवढी धरायची, आळा (मोळीचा बंध) कसा पिळायचा म्हणजे गाडीत चढवताना सुटत नाही, हे सांगत बसायला तिथं वेळ कुणाला? शेजारच्या कोयत्याकडं बघून येतं.

गोदाकाठ (नांदेड)
शब्द झकास आहे, पण फडात मुकादम असतो आणि उचल असते. उचल फिटेपर्यंत माणूस फड सोडू शकत नाही. ‘समुदाय’ म्हटल्यावर आपखुशीनं जमलेली माणसं डोळ्यापुढं येतात, त्याचं काय करायचं?

बालाघाट (बीड)
तुमच्या त्या मांस कापणाऱ्यांत तरी आपखुशी कुठं होती? उमेदवारांना, म्हणजे काम शिकायला आलेल्या पोरांना, मांस गुंडाळायच्या यंत्रापाशी उभं करायचे. तिथून कसबी लोकांची सुरी चालताना दिसायचीच नाही. मालकाचं काम होत होतं, पोरांचं शिक्षण थांबलं होतं. कोण कुठं उभा राहणार हे ठरवणारा सगळीकडं असतो. फडात तो दिसतो तरी. ‘समुदाय’ म्हटलं की गायब.

मोसंबी (जालना)
दादा, ही गुंडाळणी यंत्राची गोष्ट मांजराकाठ सरांनी प्रबंधात घ्याच. ग्रुपबद्दलच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

आमच्या केंद्राच्या ग्रुपवर काय येतं? परिपत्रक, लिंक, ‘माहिती तात्काळ भरावी’, खाली अंगठ्यांची रांग, मधूनच वाढदिवस. कुणी कसं शिकवतं हे त्यात दिसतच नाही. सगळे यंत्रापाशी उभे, सुरी कुणालाच दिसत नाही.

आम्हा काही जणींचा एक लहान ग्रुप आहे. दुसरीतल्या एका लेकराच्या वहीचा फोटो एकीनं टाकला. ५२ वजा २७ बरोबर ३५. खाली लिहिलं होतं, ‘हा कामून ३५ म्हणतोय?’ एकीला लगेच दिसलं की लेकरू प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, ७ मधून २ अन् ५ मधून २. त्यानं स्वतःचा नियम बनवलाय आणि तो इमानदारीनं पाळतोय. दुसरी म्हणाली, पाटीवर नको, काड्या दे. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात मागितल्या की त्यालाच रबर काढावं लागेल. संध्याकाळी व्हिडिओ आला. लेकरू गठ्ठ्याकडं बघतंय, बाईंकडं बघतंय, शेवटी रबर सोडतंय. त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली, कारण तिसरीचं म्हणणं होतं की बाईंनी डोळ्यानं खुणावलंय, ते धरायचं नाही!

ज्ञानरचनावाद म्हणतात तो हाच, आणि दोन थरांत. लेकरू आपलं गणित रचतंय आणि आम्ही ‘लेकराची चूक कशी वाचायची’ हे आपसात रचतोय. पहिल्या थरासाठी पियाजे, दुसऱ्यासाठी व्हायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ हाताशी ठेवा: पहिला लेकरू स्वतः कसं रचतं ते सांगतो, दुसरा माणसं एकमेकांच्या सोबतीनं कशी शिकतात ते. दोघंही १८९६ साली जन्मलेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर साताऱ्याचं कुमठे बीट (रचनावादी वर्गांसाठी नावाजलेला शाळांचा गट) बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. आमच्याकडं त्यातले फरशीवरचे रंगच जास्त पोचले. फरशी रंगवली की वर्ग रचनावादी, मोबाइल चालवता आला की गुरुजी तंत्रस्नेही.

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)
मोसंबी मॅडमच्या उदाहरणाला वेंगरच्या १९९८ च्या मांडणीतल्या तीन कसोट्या लावा. एकमेकांशी चालू असलेला कामाचा संबंध, सगळ्यांनी मिळून उचललेलं काम आणि त्यातून साठत गेलेला सामायिक ऐवज: शब्द, युक्त्या, किस्से. ‘गठ्ठा सोड’ एवढं म्हटलं की मॅडमच्या ग्रुपला सगळं कळत असणार, तो हा ऐवज. केंद्राचा ग्रुप पहिल्याच कसोटीला गळतो.

तंत्रज्ञानाचं आणखी एक उदाहरण झेरॉक्स कंपनीचं. (आपण कुठल्याही यंत्रावरच्या प्रतीला झेरॉक्स म्हणतो ते सोडा.) ज्युलियन ऑर यांनी तिथल्या दुरुस्ती करणाऱ्यांचा अभ्यास केला. पुस्तिकेत नसलेले बिघाड ही मंडळी नाश्त्याच्या टेबलावर एकमेकांना गोष्टी सांगत सोडवायची. पुढं कंपनीनं ‘युरेका’ नावाचा साठा संगणकावर केला. तोडगे पाठवणारे दुरुस्तीवालेच, तपासणारेही तेच, आणि तोडग्याखाली देणाऱ्याचं नाव. बोलणं आधीपासून होतं, यंत्रानं ते लांब पोचवलं. आपल्याकडं आधी ग्रुप निघतो आणि मग त्यात बोलायचं काय ते शोधतात.

शब्दाबद्दल माझं मत: समाजशास्त्रात ‘सिद्धांत आणि व्यवहार’ ही जोडी चालते, म्हणून ‘व्यवहारसमूह’. गावात व्यवहार म्हणजे प्लॉटचा, हे मान्य. पण प्रबंध वाचणारे समजून घेतील.

मांजराकाठ (लातूर)
सगळ्यांचे आभार. मथळ्यात ‘व्यवहारसमूह’ लिहितो. पहिल्या प्रकरणात फड घेतो, मुकादम आणि उचलीसकट. मोसंबी मॅडम, वहीचं उदाहरण लेकराचं आणि शाळेचं नाव न देता वापरू का? आता एक शेवटचं: नवख्यानं आधी कडेला राहून कामात भाग घ्यायचा, याला लेव्ह-वेंगर ‘लेजिटिमेट पेरिफेरल पार्टिसिपेशन’ म्हणतात, त्याला काय म्हणू?

मोसंबी (जालना)
खुशाल वापरा. ग्रुपमध्ये विचारून बाकीच्यांचाही होकार कळवते.

बालाघाट (बीड)
वर मी वापरला की तो शब्द. उमेदवार, उमेदवारी. जुन्या मराठीत ‘वकिलाकडं उमेदवारी केली’ असं सर्रास म्हणत. कडेला उभं राहायची मुभा आणि पुढं सरकायची उमेद, दोन्ही त्यात आलं. फक्त निवडणुकीच्या तोंडावर तोंडी परीक्षा ठेवू नका, तिकीट कोणत्या पक्षाचं म्हणून विचारतील.

गोदाकाठ (नांदेड)
‘उमेदवारी’ला माझंही मत. पहिल्यांदा येईल तिथं ‘कडेचा मान्य सहभाग’ असा खुलासा जोडा, मार्गदर्शक मॅडम अडवणार नाहीत.