'लोक्वी' धातूचे आणखी काही शब्द

'सॉलिलोक्वी' (स्वगत) आणि 'कलोक्वियल' (बोलीतले) हे इंग्रजी शब्द 'बोलणे' या अर्थाच्या 'लोक्वी' या लॅटिन धातूपासून आले. त्यात थोडी भर घालतो. याच कुळातले 'सॉम्निलोक्वी' म्हणजे झोपेतले बरळणे, 'पॉसिलोक्वंट' म्हणजे मितभाषी आणि 'स्टल्टिलोक्वन्स' म्हणजे मूर्खासारखी बडबड. हा शेवटचा शब्द वापरातून गेला, तरी त्याची गरज काही संपलेली दिसत नाही.

सर्वांत रंजक मात्र 'व्हेन्ट्रिलोक्विस्ट'. 'व्हेन्टर' म्हणजे पोट, म्हणून हा शब्दशः 'पोटातून बोलणारा'. आज आपल्याला मांडीवर बाहुला घेऊन ओठ न हलवता बोलणारा कलाकार आठवतो. परंतु पूर्वी हा शब्द ज्याच्या पोटात शिरलेला आत्मा बोलतो असे लोक मानत, अशा माणसासाठी, म्हणजे आपल्याकडच्या 'अंगात येणाऱ्या'च्या जवळच्या अर्थाने, वापरला जात असे. मराठीतील या कलेसाठीचा 'शब्दभ्रम' हा शब्द बोलणाऱ्याचे पोट सोडून ऐकणाऱ्याची फसगत नेमकी पकडतो, आणि मला तो अधिक अचूक वाटतो.

जाता जाता: संस्कृत 'वाच्'चे लॅटिनमधले भावंड 'लोक्वी' नव्हे, 'व्होकल'मधले 'व्हॉक्स' (आवाज) होय.