मदत हवी आहे: एमबीएच्या प्रबंधासाठी नमुना किती घ्यावा, टेस्ट कुठली लावावी?

निशिगंध: एमबीए (एचआर), शेवटचं सत्र. विषय: चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगारांचं समाधान आणि नोकरी सोडण्याचा विचार. कामगार ४२०; कायम १४०, बाकी कंत्राटी. गाइड म्हणतात १०० फॉर्म भरून घ्या. गूगल फॉर्मवर ३५ प्रश्न तयार आहेत. १०० पुरतील? आणि डेटा आल्यावर टेस्ट कुठली लावू?

आकडेमोड: टेस्ट डेटा आल्यावर ठरवायची नसते, फॉर्मच्या आधी ठरवायची. प्रबंधातले निष्कर्षांचे तक्ते आत्ताच रिकामे आखा. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात जात नाही तो उडवा. तुमच्या विषयाला समाधान आणि सोडण्याचा विचार यांचं कोरिलेशन (दोन्ही एकमेकांबरोबर किती बदलतात), मग वय, सेवाकाळ, पगार, कायम/कंत्राटी धरून रिग्रेशन (सोडण्याच्या विचारावर यातल्या प्रत्येकाचा वेगळा परिणाम किती), एवढं पुरे.

गाइडचे १०० अगदीच चूक नाहीत. ५ स्वतंत्र चलांच्या (समाधान आणि वरचे चार घटक) रिग्रेशनला ५० + ८ × ५ = ९० हा ढोबळ नियम आहे. पण 'इतके टक्के कामगार असमाधानी' असं लिहायचं असेल तर १०० वर चूक ±८.६ टक्के येते (विश्वासपातळी ९५ टक्के). ±५ हवी तर मोठ्या समूहाला ३८५, आणि एकूण कामगार ४२०च आहेत ही दुरुस्ती लावून २०१ लागतात: कायम ६७, कंत्राटी १३४. अर्धवट फॉर्म येणारच, म्हणून २५० वाटा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकलीत तर मात्र हे गणित विसरा. तो सोयीचा नमुना (हाताशी आले ते घेतले, चिठ्ठ्या टाकून निवडले नाहीत), त्याला ± लावता येत नाही.

मोजपट्टी: प्रश्न घरी का बनवले? समाधानासाठी स्पेक्टरची ३६ विधानांची प्रश्नावली शैक्षणिक कामाला मोफत वापरता येते. त्यातली १९ विधानं उलट अर्थाची आहेत, तिथे गुण ७ वजा उत्तर असे फिरवायचे (उत्तरं १ ते ६ मध्ये असतात). हे राहून गेलं की क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) कोसळतो आणि मुलं प्रश्नावलीलाच दोष देतात. अल्फा ०.७० च्या वर असला की चालेल. मराठी भाषांतर एकाने करावं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत न्यावं आणि मग दोन्ही ताडून पाहावं. ३० जणांवर चाचणी घ्या. ते ३० मुख्य नमुन्यात नकोत.

वय आकड्यात विचारा. '२५–३५' असे गट केलेत तर सरासरी गेली.

निशिगंध: आभार! पण कंपनी कामगारांची यादी द्यायला तयार नाही.

आकडेमोड: मग पाळी सुटताना गेटवर उभे राहा आणि दर पाच कामगारांपैकी तिघांना छापील फॉर्म द्या, म्हणजे २५० च्या आसपास वाटले जातील. कायम/कंत्राटी फॉर्मवरच विचारा. सगळ्या पाळ्या घ्या, नाहीतर रात्रपाळीवाले सुटतात.

मोजपट्टी: आणि सुपरवायझर शेजारी नको. टोकन नंबर विचारू नका, फॉर्म बंद पेटीत टाकायला सांगा. नाहीतर अख्खा कारखाना समाधानी निघेल.