रायफल क्लबात नाव घालावं म्हणतोय. कुणाला अनुभव?

प्रेषक: बाळू
रविवार, १२ जानेवारी २०२५

मंडळी, नमस्कार.

प्रश्न जरा आडवाटेचा आहे. मुलीला बॅडमिंटनला सोडतो त्या हॉलच्या मागे विटांची एक लांबुळकी शेड आहे. मला ते गोदामच वाटायचं. परवा दारावर कागद दिसला: स्मॉलबोअर (म्हणजे बारीक नळीच्या) रायफलींचा क्लब, मंगळवारी संध्याकाळी सात, नवे सभासद घेतो.

कोल्हापूरला कॉलेजात एनसीसी केली होती. कॅम्पात पॉइंट टू टू रायफलीचे पाच राउंड मिळायचे. माझे पाचही एका ठिकाणी लागले म्हणून सुभेदारसाहेबांनी पाठ थोपटली, आणि मग कळलं की ते टार्गेट शेजारच्याचं. एवढीच पुंजी. पण पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ बघितल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. कंबळवाडी आमच्याच राधानगरी तालुक्यातली की.

तर, भारतीय पासपोर्टवर घेतात का? लायसन्स लागतं का? बायको म्हणते, पोलिसांकडे आपण होऊन नाव कशाला पोचवताय. कुणी गेलंय का इंग्लंडातल्या अशा क्लबात?

बाळू


प्रेषक: माई
रविवार, १२ जानेवारी २०२५, रात्री

बाळू,

बायकोला सांग, मंडळाच्या भोजन समितीतली माई नऊ वर्षं जातेय, अजून कुणी उचलून नेलेलं नाही.

पहिल्या दिवशी फॉर्म मिळेल. पासपोर्ट कुठला हे मला कुणी विचारलं नाही. तुरुंगवास झाला होता का, हे मात्र विचारतात आणि खाली सही घेतात. १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टातलं ते कलम २१. तीन महिने किंवा जास्त शिक्षा भोगलेल्याला सुटल्यापासून पाच वर्षं, आणि तीन वर्षं किंवा वर झालेल्याला जन्मभर बंदुकीला हात लावता येत नाही. क्लब तुझं नाव पोलिसांना कळवतो, तेवढं वहिनींचं खरं आहे. लायसन्स लागत नाही. गृहखात्याची मान्यता असलेल्या क्लबात सभासदाला रेंजवर क्लबची रायफल वापरता येते. घरी काही न्यायचं नाही. निघताना खिसे चाचपून बघ, एक काडतूस चुकून राहिलं तरी गुन्हा आहे.

उमेदवारी कायद्याने किमान तीन महिने, आमच्याकडे सहा धरतात. तेवढे दिवस शेजारी एक जुना सभासद बसतो. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसायचे. निशाणाकडे ते क्वचितच बघत. माझे हात बघत. रेंज ऑफिसरने ‘स्टॉप’ म्हटलं की बोट ट्रिगरवरून निघालं का, बोल्ट (रायफलीची मागची कडी) उघडला का, नळी रिकामी आहे हे दाखवणारा प्लास्टिकचा झेंडा आत गेला का. एकदा मी ‘एवढी एकच’ म्हणून थांबले नाही. ते काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन मंगळवार मला नुसतं निशाणाची कार्डं लावायला आणि काढायला ठेवलं.

आता नेमाचं. चटईवर पालथं झोपायचं, डाव्या दंडाला चामड्याचा पट्टा, तोच रायफलीला अडकवलेला. वजन स्नायूंनी पेलायचं नाही. पट्टा आणि हाडं पेलतात. पहिल्या दिवशी डाव्या मनगटाला अशा मुंग्या येतात की वाटतं, कुठून या फंदात पडलो. पट्टा दंडाच्या आतल्या अंगाला सरकला तर नाडी दाबली जाते आणि प्रत्येक ठोक्याला निशाण उडी मारतं. मी पहिल्यांदा घाबरून रायफल खाली ठेवली होती. पट्टा बाहेरच्या अंगाला वळवला, थांबलं. श्वास घेतला की नळीचं तोंड खाली जातं, सोडला की वर येतं. नेम धरायच्या पुढच्या सायटीतल्या, म्हणजे नळीच्या टोकाच्या, कड्यात काळा गोल मधोमध बसला, भोवती पांढरी कड सगळीकडे सारखी दिसली, की अर्धा श्वास सोडून तिथेच राहायचं आणि चाप दाबायचा. सात-आठ सेकंदांत जमलं नाही तर सोडून द्यायचं, पुन्हा श्वास घ्यायचा. मला नऊ वर्षांत हे सोडून देणंच सर्वांत अवघड गेलंय.

अंतर २५ यार्ड. कार्डावर दहा गोल, एकेकावर एक गोळी, शंभरपैकी गुण. कार्डं पोस्टाच्या लीगमध्ये मोजणाऱ्याकडे पाठवतात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचं तोंडही कधी दिसत नाही. तुला हौस असेल म्हणून सांगते: या क्लबांची वरची संघटना १९०१ ची, बोअर युद्धाच्या काळातली, आणि तिच्यामागे उभे राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स जन्माने कानपूरचे. आणखी एक, तुमच्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जगज्जेती झाली ती अशीच पालथी झोपून, फक्त ५० मीटरवर. तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून तिचं नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही. मला याचा अजून राग येतो.

स्वतःची रायफल पुढे बघ. पोलिसांचं सर्टिफिकेट, डॉक्टरचा कागद, ओळखीची ग्वाही देणारी दोन माणसं, भिंतीत बोल्ट केलेलं लोखंडी कपाट. चावी कुठे आहे हे घरातल्यांनाही कळू द्यायचं नाही. आमच्या ह्यांना पाच वर्षं झाली, अजून माहीत नाही.

आणि नंतर हात थंड पाण्याने धू. शिसं असतं. मग चहा.

माई


प्रेषक: नाना
सोमवार, १३ जानेवारी २०२५

माई, बाळू,

ही लिस्ट सध्या तिळगुळाच्या ऑर्डरींसाठी आहे, याची नम्र आठवण.

तरी बोलतो. मी या देशात १९९१ पासून आहे. १९९६ ला स्कॉटलंडात डनब्लेनच्या शाळेत एकाने पिस्तुलांनी लहान मुलं मारली, ती बातमी आली तेव्हा आमचा धाकटा त्याच वयाचा होता. पुढच्या वर्षी पिस्तुलं बंद केली सरकारने, बरं केलं. बंदूक हा छंद कसा होतो हे मला कळत नाही. आता खंडेनवमीला पूजेला रायफल मांडणार का?

नाना


प्रेषक: माई
सोमवार, १३ जानेवारी २०२५

नाना,

डनब्लेन आमच्या क्लबात कुणीही विसरलेलं नाही. पोस्टमन आजोबांनी स्वतःची दोन पिस्तुलं जमा केली होती, त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. एका मंगळवारी येऊन मागच्या बाकावर बसा, चहा मी पाजते.

पूजेला रायफल मिळणार नाही. पट्टा आणेन, त्याला हळदकुंकू वाहा. आणि तिळगूळ माझा दोन किलो लिहा.

माई


प्रेषक: बाळू
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

मंडळी,

मंगळवारी उमेदवारी संपली. कमिटीने पाच मिनिटं बाहेर उभं केलं, आत बोलावलं, हात मिळवला. त्याच संध्याकाळी लीगचं पहिलं कार्ड मारलं. दहा गोलांपैकी एकावर दोन भोकं, एक कोरा. यावेळी शेजाऱ्याचं टार्गेट तरी वाचलं. गुण सांगत नाही.

नाना मागच्या बाकावर होते. सव्वा तास एक शब्द बोलले नाहीत. जाताना म्हणाले, ‘ह्या सगळ्यांना इतकं गप्प बसवतात कसं? आपल्या मीटिंगला एक रेंज ऑफिसर आणा.’

माई, तुमचा डाव्या हाताचा मोजा माझ्या गाडीत राहिलाय. उद्या गणपतीच्या मीटिंगला आणतो.

बाळू